ड्युटी सांभाळून तपास शिकताना

पोरी,

तू इग्नूच्या फौजदारी न्यायाच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतलास असं ताई म्हणाली. फार बरं वाटलं. खात्यात राहून दूरशिक्षणाने शिकण्याची वाट मी चाललो आहे, आणि पुढे ठाणे अंमलदार म्हणून बसायला लागल्यावर त्याच वाटेने जाणारी कितीतरी मुलं-मुली माझ्या टेबलासमोरून गेली. कुणी पदवी घेऊन, विभागीय परीक्षा देऊन फौजदार झालं. कुणाची पुस्तकं पार्सलच्या खोक्यातून बाहेरच आली नाहीत. त्यांच्या हुशारीत फार फरक नव्हता. ज्यांनी पुस्तकातलं कलम ठाण्यातल्या कागदाला जोडून वाचलं ते टिकले, आणि त्यांचा तपासही सुधारला. मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. बाकीचं त्याला धरून येणारं.

आधी आस्थापनेचं काम उरकून घे. शिकण्यासाठी घटकप्रमुखांची परवानगी लेखी हवी. अर्ज आपल्या निरीक्षकांच्या शिफारशीने पुढे जाऊ दे आणि आवक क्रमांक टाकलेली पोच स्वतःजवळ ठेव. साहेब तोंडी "कर की" म्हणाले तरी त्यावर थांबू नकोस, कारण साहेब बदलतात आणि नवे साहेब कागद विचारतात. परीक्षेसाठी रजेचा अर्ज करशील तेव्हा त्याला याच परवानगीची प्रत जोडायची आहे.

तुझ्या बॅचच्या मुली तुला विचारतील, आम्ही काय करू? बारावीवर भरती झालेल्या असतील तर त्यांना आधी पदवीकडे पाठव. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं ते नोकरी आणि शेती करणाऱ्यांसाठीच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद पोलीस वसाहतींमध्येही खरं ठरलेलं मी पाहिलं आहे. तिथे मराठीतून शिकता येतं, आणि दिवसाचे बारा-बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेतलं पुस्तक हाती असणं फार मोलाचं असतं. पदवी झालेल्या मुलींनी तुझ्यासारखी पदविका घ्यावी, किंवा सायबर शाखेत जायचं असेल तर सायबर कायद्याचं प्रमाणपत्र घ्यावं. वकिलीची पदवी मात्र दूरशिक्षणाने होत नाही. बार कौन्सिल ती मान्य करत नाही, वर्गात हजेरी लागतेच. "घरबसल्या एलएल.बी." असं सांगणाऱ्या कुणाला कुणी पैसे देऊ नयेत. क्रिमिनॉलॉजीचे आणि डिटेक्टिव्हचे भारी नावांचे डिप्लोमे विकणारेही पुष्कळ आहेत. पैसे भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, हे पाहायचं. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोचा डेब आयडी लागतो. संस्था तो मागतच नसेल तर तिथून परत फिरायचं.

आता वेळेचं. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. हे दोन्ही महिने आपल्या खात्यात कसे असतात हे तुला ठाऊक आहे. जूनला पालख्यांची तयारी आणि वारीचा बंदोबस्त लागतो. डिसेंबरला 6 तारखेचा चैत्यभूमीचा बंदोबस्त असतो आणि त्यामागोमाग नागपूरचं हिवाळी अधिवेशन. त्यामुळे सगळे पेपर एकाच सत्रात काढायचा हट्ट धरू नकोस. पदविकेला मुदत मिळते, ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. एका सत्रात दोन पेपर घे आणि ते नीट दे. स्वाध्यायांना साधारण 30 टक्के भार असतो आणि ते घरी लिहायचे असतात, म्हणून ते बंदोबस्त नसलेल्या महिन्यांतच संपवून टाक. गणपती आणि नवरात्र यांच्या मधले दिवस किंवा संक्रांतीनंतरचे काही आठवडे मिळाले तर ते वाया घालवू नकोस. रात्रपाळी करून आल्यावर पुस्तक उघडायचं नाही. आधी झोप. जागरण झालेल्या डोक्यात कलम राहत नाही आणि अपराधीपणाची भावना तेवढी राहते. पॉइंटवर उभी असताना मोबाइलमध्ये डोकं घालून वाचू नकोस, मग ते कितीही अभ्यासाचं असलं तरी. तिथे नजर माणसांवर हवी.

आता मुख्य गोष्ट. तुला पुस्तकांचे गठ्ठे मिळतील किंवा इग्नूच्या ई-ज्ञानकोशावरून उतरवून घेशील. ते पहिल्या पानापासून सुरू करू नकोस. आज ठाण्यात जो गुन्हा दाखल झाला, त्याच्यापासून सुरू कर. समज, सकाळी कुणीतरी घरफोडीची फिर्याद घेऊन आलं. तपासी अंमलदार म्हणून हवालदार आहेत आणि तू त्यांच्याबरोबर लिहायला आहेस. आमच्या पिढीला जुन्या दंड संहितेची 457, 380 ही जोडी तोंडपाठ होती. आता तिथे भारतीय न्याय संहितेचं 331(4) आणि 305 लागतं. ड्युटी संपल्यावर ही दोन कलमं मूळ कायद्यातून वाच. गाईडमधून नको, मूळ कायदाच हवा. एकेक शब्द सुटा कर. 331(4) ला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी हा काळ लागतो. मग फिर्यादीत घरातली माणसं रात्री किती वाजता झोपली, दार कुणी लावलं, सकाळी कुणाला किती वाजता कळलं, हे आलं आहे का? घरफोडी व्हायला आत शिरण्याची रीत लागते. मग घटनास्थळ पंचनाम्यात कुलूप, कडी-कोयंडा, उचकटल्याची खूण, ती खूण चौकटीच्या कोणत्या बाजूला आहे, हे आलं आहे का? घरात चोरी झाली म्हणून 305 लागलं, तर गेलेल्या वस्तूंचं वर्णन एखाद्या अनोळखी माणसाला दुकानातल्या ढिगातून ती वस्तू ओळखता यावी इतकं आहे का? "सोन्याचे दागिने अंदाजे अमुक किमतीचे" एवढ्याने सापडलेला मुद्देमाल कोर्टात ओळखला जात नाही.

मग प्रक्रियेकडे वळ. नागरिक सुरक्षा संहितेचं 173 फिर्यादीचं, 103 झडतीच्या पंचांचं आणि 105 झडती व जप्तीच्या चित्रीकरणाचं. रात्रीची घरफोडी चोरीसाठी असली की शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. म्हणजे 176(3) पाहावं लागतं, कारण सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञ घटनास्थळी यावा अशी तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तज्ज्ञ येणार असेल तर त्याच्या आधी कपाटाला हात कुणाचे लागले, आपल्याच माणसांचे तर नाहीत, हा प्रश्न तुझ्या मनात आपोआप यायला हवा. एका घरफोडीने तुला पुस्तकाची चार प्रकरणं दिली. तीच प्रकरणं नुसती वाचली असतीस तर झोप आली असती.

प्रत्येक कलमापुढे वहीत एकच प्रश्न लिही: हे आपल्या कागदात कुठे दिसतं? जिथे दिसत नाही तिथे दुसऱ्या दिवशी हवालदारांना विचार. विचारण्याची रीत मात्र सांभाळ. "पुस्तकात असं आहे, तुम्ही तसं केलं नाही" असं चारचौघांत म्हणायचं नाही. "दादा, हे असं का लिहितात?" म्हणून विचारायचं. वीस वर्षं तपास केलेल्या हवालदाराकडे जे ज्ञान आहे ते कुठल्याही विद्यापीठाच्या पुस्तकात छापलेलं नाही. कोण खोटं बोलताना हातातल्या पिशवीशी चाळा करतो, कोणत्या गल्लीत पंच मिळतो, कोणता सोनार पावती देत नाही, हे ते तुला सांगतील. पुस्तकाचा मान ठेव आणि त्यांचाही.

पंचनामा शिकायचा एक मार्ग सांगतो, मी कितीतरी नव्या पोरांना तो करायला लावला आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आपल्याच स्वयंपाकघराचा पंचनामा लिही. चतुःसीमा, दार कोणत्या दिशेला, ओटा कोणत्या भिंतीला, खिडकीपासून गॅसचं अंतर किती, उजेड कुठून येतो, सगळं मोजून. मग ते घर कधी न पाहिलेल्या मैत्रिणीला तो वाचायला दे आणि कागदावर कच्चा नकाशा काढायला सांग. तिचा नकाशा जिथे चुकेल तिथे तुझा पंचनामा अपुरा आहे. "सदर ठिकाणी" हा शब्द लिहिण्याआधी सदर म्हणजे नक्की कुठलं ते वर आलं आहे का, ते पाहा. काय दिसलं ते लिहितेस तसं, जे असायला हवं होतं पण दिसलं नाही, तेही लिही. रक्ताचे डाग फरशीवर आहेत आणि भिंतीवर नाहीत, ही नोंद पुढे फार मोठी ठरू शकते.

जबाबाबद्दलही एक गोष्ट पक्की करून ठेव, परीक्षेत आणि ठाण्यात दोन्हीकडे गल्लत होते. फिर्यादीवर फिर्यादीची सही लागते. तपासात साक्षीदाराचा जो जबाब आपण लिहितो त्यावर त्याची सही घ्यायची नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं 181 ते स्पष्ट सांगतं. आणि जबाब साक्षीदाराच्या तोंडच्या भाषेत लिही. शेतमजूर बाईच्या जबाबात "सदर इसमाने माझ्यावर प्राणघातक हल्ला केला" असं वाक्य आलं की बचावाचा वकील तिला पहिला प्रश्न विचारतो, "प्राणघातक म्हणजे काय हो?" ती गोंधळते, आणि तिचं खरं बोलणंही खोटं वाटू लागतं. तिने "कोयत्याने हातावर मारलं" असं सांगितलं असेल तर तेच लिहायचं.

जुने आणि नवे कायदे दोन्ही शिकायला लागतील, त्याला इलाज नाही. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं, फिर्याद नंतर आली तरी. कोर्टात आज उभे असलेले कितीतरी खटले जुन्या कलमांखालचे आहेत आणि पुढची कित्येक वर्षं राहतील. वहीच्या एका पानावर स्वतःच्या हाताने दोन रकाने आख: 302 चं 103, 307 चं 109, 376 चं 64, 379 चं 303, 420 चं 318, 498अ चं 85, आणि समान उद्देशाचं 34 आता 3(5). प्रक्रियेत 154 चं 173, 161 चं 180, 164 चं 183, 173 चं 193. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचं 'संकलन' नावाचं ॲप आहे, त्यात ही तुलना तयार मिळते. ठाण्यात घाईच्या वेळी ते वापर. अभ्यासासाठी मात्र हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं. आकड्यांपाशी थांबूही नकोस. 304 खाली हिसकावून नेणं हा आता स्वतंत्र गुन्हा झाला आहे, 111 खाली संघटित गुन्हेगारी आली आहे. 193 खाली तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. हे शेवटचं तर आपल्या कामाचा सूरच बदलणारं आहे. लोक ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात ते बहुतेक वेळा "काय झालं माझ्या केसचं" एवढंच विचारायला. तो प्रश्न कायद्याने आपल्यावरच टाकला, हे मला मनापासून आवडलं.

न्यायनिवाडे वाचताना यादी पाठ करू नकोस. थोडेच वाच, पण मुळातून वाच. पहिला घे शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1984. पुण्यातला खटला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी धरायचं तर पाच कसोट्या पार व्हाव्या लागतात, हे त्यात न्यायमूर्ती फझल अलींनी मांडलं आहे, आणि त्यांना पंचशील म्हटलं आहे. परिस्थिती पूर्णपणे शाबीत हवी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी, निर्णायक असावी, दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद करावी, आणि साखळी अखंड असावी. दुसरी शक्यता बाद करण्याचं काम कोर्टात होत नाही, तपासात होतं. आरोपी हाती लागला की आपण दुसरीकडे बघणं थांबवतो, तिथेच साखळी तुटते. हा निवाडा वाचल्यावर तुला केस डायरी रोजची रोज का लिहायची तेही कळेल. तुम्ही दुसरी शक्यता कोणत्या दिवशी तपासलीत, याची नोंद तिथेच राहते.

दुसरा घे पुलुकुरी कोट्टय्या, प्रिव्ही कौन्सिलचा, 1947 च्या निवाडासंग्रहात छापलेला. आपल्याकडे निवेदन पंचनामा होतो ना, त्याचा पाया हा निवाडा आहे. जुन्या पुरावा कायद्याचं 27 आता साक्ष्य अधिनियमाच्या 23 मध्ये परंतुक म्हणून आलं आहे. आरोपी म्हणतो, "मी ज्या कोयत्याने त्याला मारलं तो विहिरीजवळच्या बाभळीखाली पुरला आहे, दाखवतो." यातलं कोर्ट काय स्वीकारतं? कोयता कुठे लपवला हे त्याला माहीत होतं, तेवढंच. "ज्याने मारलं" हा भाग पोलिसांपुढचा कबुलीजबाब झाला, तो पुराव्यात येत नाही. म्हणून तो कोयता फिर्यादीच्या जखमेशी जोडायला दुसरा पुरावा शोधावाच लागतो: वैद्यकीय मत, रक्त, सी.ए. म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा रिपोर्ट. पंचनाम्यात कबुली भरभरून लिहिली की आपलं काम झालं, असं मानणारा तपास इथेच कोसळतो.

तिसरा मराठवाड्यातला. जालना विधानसभा मतदारसंघाची 2014 ची निवडणूक. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलं नसेल तर प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या 65ब चं प्रमाणपत्र लागतंच. आता ते साक्ष्य अधिनियमाचं 63(4) झालं आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य लिहायचं असतं. दुकानदाराकडून पेन ड्राइव्हमध्ये फुटेज आणलं आणि झालं, असं आता चालत नाही. आणि डीव्हीआरवर जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, म्हणून कॅमेरे शोधायला पहिल्याच दिवशी निघायचं. पुराव्याचा भाग शिकताना या तीन निवाड्यांवर हात ठेवून शिकलीस तर उत्तरपत्रिकेत लिहायला शब्द शोधावे लागणार नाहीत.

अटकेचे निवाडेही वाच: डी. के. बसू, 1996 चा. अर्नेश कुमार, 2014 चा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस आणि कारणांची नोंद, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 35 मध्ये आहे. तुझ्या हातून एखाद्याला नाहक लॉकअपमध्ये रात्र काढावी लागू नये, एवढ्यासाठी तरी हा भाग पक्का कर.

वैद्यकीय न्यायशास्त्राचा विषय बहुतेकांना कठीण जातो, कारण तो चित्रांतून वाचला जातो. अकस्मात मृत्यूच्या इन्क्वेस्ट पंचनाम्याला, नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खालच्या, कधी मदतीला जाशील तेव्हा डोळे उघडे ठेव. गळ्यावरची खूण तिरपी वर चढत गेली आहे की आडवी गळ्याभोवती, गाठ कुठे होती, नखांखाली काही आहे का, कपडे नीट आहेत का. पण मत लिहू नकोस. "गळफास घेतला" असं न लिहिता जे दिसलं ते लिही. मृत्यूची वेळही आपण ठरवायची नाही. शरीराचा ताठरपणा उन्हाळ्यात आणि थंडीत वेगळ्या वेगाने येतो आणि जातो, ते काम डॉक्टरांचं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना मोकळा वेळ असेल तेव्हा पी.एम. म्हणजे शवविच्छेदनाच्या नोट्समधले शब्द समजावून द्यायला सांग. आदराने विचारलं तर ते आवडीने सांगतात.

यानंतर माझ्या मते तुझ्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग: गुन्हेगारीशास्त्राचे सिद्धांत. लोंब्रोसोने 1876 मध्ये जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली, कवटी आणि जबडा मोजून. सदरलँडने पुढे म्हटलं की गुन्हा संगतीतून शिकला जातो. मुलं हे दोन परिच्छेद पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. तू असं करू नकोस. तू आपल्या सोलापूरची आहेस. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाच. लोंब्रोसोच्या आधीच इथल्या सरकारने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि आपल्या गावातली सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवलेली वस्ती, त्याच कायद्याच्या पुढच्या रूपाखालची. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण "त्या वस्तीतला आहे, त्यानेच केलं असणार" हे वाक्य ठाण्यांतून अजून गेलेलं नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाच. त्याला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तू पुरस्कारासाठी नाही, पोलीस म्हणून वाच. झडतीला आलेले पोलीस त्या घरातल्या मुलाच्या डोळ्यांना कसे दिसतात, हे आपल्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. घरफोडी झाली की ठरावीक वस्तीवर गाडी नेणं सोपं असतं. त्यात खरा चोर निसटतो आणि निरपराध माणूस मार खातो, म्हणजे फिर्यादीलाही न्याय मिळत नाही. सिद्धांताचं प्रकरण वाचताना स्वतःला विचार, माझ्या मनात कोणाबद्दल असं ठरून बसलं आहे? हे उत्तर स्वाध्यायात लिहायचं नाही, स्वतःजवळ ठेवायचं.

संधी मिळेल तेव्हा कोर्टात बस. पैरवीच्या कामाला नेमलं तर कुरकुर करू नकोस, तिथे शिकायला मिळतं तेवढं कुठेच मिळत नाही. उलटतपासात तपासी अधिकाऱ्याला कोणत्या प्रश्नावर अडवलं, ते घरी येऊन लिही. आणि आपल्याच ठाण्यातल्या ज्या खटल्यांत आरोपी सुटले त्यांचे निकाल ई-कोर्टवरून काढून वाच. पंच फितूर झाले म्हणून सुटला, की पंच अनेक खटल्यांत तेच ते होते म्हणून? मुद्देमाल सील केल्याची नोंद नव्हती म्हणून, की सी.ए. ला पाठवायला उशीर झाला म्हणून? अशा निकालपत्रांत न्यायाधीश परिच्छेद पाडून तपासाची उणीव सांगतात.

स्वाध्याय स्वतःच लिही. बाजारात तयार उत्तरं विकतात, ती घेणाऱ्यांना गुण मिळतात, पण पंचनामा लिहायला बसल्यावर पेन हलत नाही. उदाहरण ठाण्यातलं घेतलंस तर नाव, गाव, गुन्हा रजिस्टर नंबर, सगळं काढून टाक. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या 72 खाली गुन्हाच आहे, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोही आहे. तपासाच्या कागदाचा फोटो काढून अभ्यासाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, मैत्रिणीने कितीही मागितला तरी.

साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नकोस. कायद्याचा मराठी अनुवाद आणि इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेव. आधी मराठीतून समजून घे, मग इंग्रजी शब्द त्यावर चढव. उत्तर लिहिताना कलम, त्याचे घटक, प्रक्रिया, निवाडा आणि एक उदाहरण, या क्रमाने गेलीस की पान भरतं आणि तपासणाऱ्याला गुण द्यायला जागा सापडते.

घरच्यांना वेळापत्रक सांगून ठेव. ताईला मी सांगेन की परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे बोलवू नकोस म्हणून. जावईबापूंनी डबा केला तर त्यांचं कौतुक कर.

निकाल लागला की गुणपत्रिका आणि प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत अर्जासोबत आस्थापना शाखेत दे. सेवापुस्तकात नोंद झाली का, ते स्वतः जाऊन पान उघडून बघ, कारकुनाच्या "केली आहे" वर विसंबू नकोस. बदली होण्याआधी हे झालं पाहिजे. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही फाईलला लावून देऊ नकोस, ते घरीच ठेव.

तुझा मामा